मोर्चाच्या दिवशी गावची बस

४ जानेवारी

आजपासून मी दोन ठिकाणी लिहिणार आहे. एक समितीचा अहवाल, जो सगळ्यांसमोर वाचून दाखवायचा. दुसरी ही माझी दैनंदिनी, जी कोणाला दाखवायची नाही. भूपेंद्रभाऊ म्हणाले, "गोपाल, प्रत्येक लढ्याचा इतिहास होतो. तो कोणीतरी शुद्ध लिहायला पाहिजे." म्हणून मला चिटणीस केलं. मी नववीत शाळा सोडली, पण माझ्या लिहिण्यात चूक सापडत नाही. सुरतेत पर्वत पाटियाजवळच्या एका गोदामात मी साड्यांच्या पार्सलांवर गावांची नावं लिहितो. एक अक्षर चुकलं तर साड्या भलत्याच राज्यात जातात. म्हणून प्रत्येक नाव लिहिल्यावर मी परत वाचतो, आणि घरी आल्यावर मनात पुन्हा वाचतो.

लढा पाण्याचा आहे. डिंडोलीतल्या आमच्या गल्लीत दिवाळीपासून नळाला गटाराच्या वासाचं पाणी येतं. कधी पिवळं येतं, कधी काळपट. शेजारच्या गल्लीत स्वच्छ येतं. उषाबाईंची नात गायत्री काविळीने दवाखान्यात आहे. डॉक्टरांनी उषाबाईंना बजावलंय की हिला घरी नेऊन पुन्हा हेच पाणी पाजलं तर परत आणावं लागेल, आणि तेव्हा आमच्या हातात काही नसेल.

सकाळी मारुतीच्या ओट्यावर बैठक झाली. किसनकाका म्हणाले, "आपल्याला लढणारा नेता पाहिजे. नेता नाही म्हणून आपले हे हाल." सगळ्यांनी माना डोलावल्या. मग सगळे एकमेकांकडे बघत राहिले. तेव्हा भूपेंद्रभाऊ उभे राहिले आणि म्हणाले की तुम्ही एवढा आग्रह करताय तर मला नाही म्हणवत नाही. आग्रह कोणी केला ते मला दिसलं नाही, पण मी मागे बसलो होतो.

भाऊ पूर्वी लूमच्या कारखान्यात मास्तर होते. आता गल्लीच्या तोंडाशी त्यांच्या भाड्याच्या खोल्या आहेत. दिवाळीत त्यांनी त्या खोल्यांना नवीन नळ घेतला. त्यांचा आवाज मोठा आहे आणि शर्ट नेहमी पांढरा असतो. लढणाऱ्या माणसाला दोन्ही लागतं.

उषाबाई मध्येच बोलल्या, "गल्ली खोदाले लावा. पाइप आठेच कोठे तरी फुटेल शे." भाऊंनी त्यांना बैठकीचा नियम सांगितला, बोलण्याआधी हात वर करायचा. उषाबाईंनी हात वर केला आणि तेच पुन्हा बोलल्या.

भाऊ म्हणाले, "खोदकाम ही छोटी मागणी झाली, मावशी. आपण मोठं मागायचं. थेट उकाई धरणातून वेगळी लाइन." टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

७ जानेवारी

अहवालात लिहिलं: शिष्टमंडळाने महापालिकेच्या झोन ऑफिसमध्ये जाऊन अधिकाऱ्यांना खडसावले.

झालं ते असं. गल्लीतून निघताना भाऊ म्हणाले, "आज साहेबाला घाम फोडतो." साहेबांच्या दारात भाऊंनी चपला काढल्या. आम्ही चपलांसकट आत गेलो होतो, ते बघून पुन्हा बाहेर येऊन आम्हीही काढल्या. भाऊ म्हणाले, "साहेब, तुमचं दर्शन झालं, निम्मं काम झालं." मी हे लिहून घेत होतो, तेव्हा भाऊंनी माझ्या हातावर हात ठेवला.

चहा आला. साहेब म्हणाले, जोईशुं, बघू. भाऊ म्हणाले, बस, साहेब, एवढाच धीर पाहिजे होता. तेवढ्यात उषाबाईंनी पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. आमच्या नळाचं पाणी होतं.

"ल्या साहेब," त्या म्हणाल्या, "पी दखाडा एक घोट."

साहेबांना अहिराणी येत नसावी, पण कळलं. त्यांनी खुर्ची मागे सरकवली. भाऊंनी बाटली उचलून आपल्या खिशात घातली आणि म्हणाले, "आमचे लोक भोळे आहेत, साहेब, मनावर घेऊ नका." बाटलीचं बूच सैल होतं. परत येताना भाऊंच्या पँटवर डाग पडला होता आणि वास येत होता.

रिक्षात भाऊ म्हणाले, "याला राजकारणात दबाव म्हणतात. आधी गोड बोलून माणूस गाफील करायचा." मला पटलं. उषाबाईंना शिस्त नाही, हे मात्र मी अहवालात सौम्य शब्दांत लिहिलंय. त्या नळावर पण असंच करतात. मागच्या आठवड्यात माझी बादली पुढे होती, ती सरकवून त्यांनी आपली कळशी लावली आणि वर मलाच विचारलं, झोपला होता का.

१४ जानेवारी

उत्तरायण. कामाला सुट्टी. भाऊंनी पतंगांवर "पाणी आमच्या हक्काचे" छापून घेतलं. सगळी समिती किसनकाकांच्या गच्चीवर होती. भाऊ म्हणाले, हा संदेश आकाशातून महापालिकेपर्यंत जाईल. शेजारच्या गच्चीवरच्या पोरांनी सगळे संदेश कापले. भाऊ म्हणाले, ही विरोधकांची चाल आहे. ती पोरं विरोधक आहेत हे मला माहीत नव्हतं.

उंधियू खाताना खाली गल्लीत आरडाओरडा ऐकू आला. पाणी सोडायला येणारा माणूस चावी फिरवून निघाला होता आणि उषाबाई त्याच्या स्कूटरवर जाऊन बसल्या होत्या. उतरायला तयार नव्हत्या. तो म्हणत होता, "मौसी, मेरा भी त्योहार है." त्या म्हणाल्या, "मग तुन्हा साहेबले फोन लाव. मी बठेल शे." पदरात साडीचा गठ्ठा होता, तिथेच बसून धागे कापत होत्या. त्या घरी साड्यांचे सुटे धागे कापायचं काम करतात. शेवटी त्याने फोन लावला.

गच्चीवरून भाऊंनी बघितलं आणि म्हणाले, "अशाने चळवळीची प्रतिमा बिघडते."

१५ जानेवारी

सकाळी गल्लीत टँकर आला. भाऊंच्या दबावाचा परिणाम. अहवालात नोंद केली.

१७ जानेवारी

टँकर आणल्याबद्दल भाऊंचं अभिनंदन करणारा बॅनर गल्लीच्या तोंडाशी लागला. मजकूर मी तपासला. एकही चूक नाही. भाऊंचा फोटो मोठा आहे, खाली समितीचे छोटे फोटो आहेत. माझाही आहे. आईने तीनदा बाहेर जाऊन बघितला. आबांनी, म्हणजे वडिलांनी, एकदाच बघितला आणि म्हणाले, "दाढी करीसन फोटो काढता उना नही का?"

बॅनर बांधताना टँकरला वळायला जागा राहिली नाही, म्हणून आज टँकर बाहेरच्या रस्त्यावर थांबला. बायकांना तिथून पाणी आणावं लागलं. उषाबाई काय म्हणाल्या ते मी लिहीत नाही.

१९ जानेवारी

मोर्चा ठरला. ३ फेब्रुवारी, मारुतीचा ओटा ते झोन ऑफिस. भाऊ म्हणाले, दोनशे माणसं येतील. भाऊंनी निवेदन सांगितलं, मी उतरवून घेतलं. दोन पानं झाली. अन्याय, अस्मिता, खान्देशचा पाणीदार माणूस, सहनशीलतेचा अंत. "सहनशीलता" मी तीन वेळा तपासलं.

मग पोलीस परवानगीचा अर्ज. भाऊ म्हणाले, "सही तू कर. तुझं अक्षर चांगलं आहे." मी म्हणालो, नेते तुम्ही आहात. ते म्हणाले, "नेत्याने सही करायची नसते, नेत्याने मागे उभं राहायचं असतं." मी सही केली. रस्त्याने येताना मला आठवलं की अर्जात खाली लिहिलंय, काही अनुचित प्रकार घडल्यास सही करणारा जबाबदार राहील. जेवण गेलं नाही.

२२ जानेवारी

आज नगरसेवकांच्या ऑफिसात गेलो. पुढे त्यांची निवडणूक आहे, म्हणून भाऊ म्हणाले, आता ते आपल्या पाया पडतील. नगरसेवक नव्हते. चंचलबेन म्हणून त्यांचं ऑफिस बघणाऱ्या बाई आहेत, त्यांना मराठी समजतं. त्यांनी आमचं ऐकून घेतलं, मग मतदार यादी उघडली आणि आमची गल्ली काढली.

"भूपेंद्रभाई, तमारुं नाम नथी."

भाऊ म्हणाले, माझं गावाकडे आहे. त्यांनी किसनकाकांचं विचारलं. गावाकडे. आबांचं, धुडकू नावाने. गावाकडे. माझं. माझंही आबांनी अठरा पूर्ण झाल्यावर अमळनेर तालुक्यात गावालाच लावून घेतलं आहे. आमच्या गल्लीत जवळपास सगळे एकाच गावचे आहेत, आणि सगळ्यांची नावं तिकडे आहेत.

चंचलबेन चिडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "तमे तो अहीं छो ज नहीं." तुम्ही तर इथे नाहीच आहात. मी जन्मल्यापासून डिंडोलीत राहतो. मला एकदम आपले हात बघावेसे वाटले.

"एक नाम छे," त्या म्हणाल्या. "उषाबेन."

उषाबाईंचं इथे आहे, कारण नवरा वारल्यावर दिराने गावच्या घरातून आणि यादीतून दोन्हीकडून त्यांचं नाव काढायला लावलं. रागाने त्यांनी ते इकडे आणलं. गल्लीत अजून त्यांना हसतात, गाव सोडलेली बाई म्हणून.

बाहेर आल्यावर भाऊ म्हणाले, "हे अहवालात घेऊ नको. लोकांचं मनोबल खचतं." रात्री जेवताना मी आबांना विचारलं, आपण नाव इकडे का आणत नाही. आबा इच्छापोरला कंत्राटी कामावर जातात, एवढी वर्षं सुरतेत आहेत. ते म्हणाले, "पोट आठे शे, पन नाव गावले शे. नाव आनं का मंग गावले कोन ओळखी?" मी विचारलं, आणि इथे कोण ओळखतं? त्यांनी अजून एक भाकरी मागितली.

२७ जानेवारी

गावाहून फोन आले. सरपंचाची निवडणूक ४ तारखेला आहे. दोन्ही उमेदवार सुरतेला बस पाठवणार आहेत, ३ तारखेच्या सकाळी. एक उमेदवार भूपेंद्रभाऊंचे चुलतभाऊ आहेत.

मी भाऊंकडे जाऊन सांगितलं की ३ तारखेला मोर्चा आहे. ते म्हणाले, "माहीत आहे. मोर्चा पुढे ढकलता येतो. मतदान ढकलता येतं का?" मी म्हणालो, परवानगी त्याच दिवसाची आहे आणि माझ्या सहीची आहे. ते म्हणाले, "तू फार काळजी करतोस. काळजी करणारा माणूस नेता होत नाही."

हे खरं असावं.

२९ जानेवारी

समितीत फूट पडली. आम्ही घाबरत होतो तशी मोर्चावरून नाही, बसवरून. आताच्या सरपंचांची बस एसी आहे. भाऊंच्या चुलतभावाच्या बसमध्ये एसी नाही, पण जिलेबी-फाफडा आहे आणि परत येताना बोकडाचं जेवण आहे. किसनकाका एसीकडे गेले. भाऊ म्हणाले, ही गद्दारी आहे. समितीच्या बैठका चालू झाल्यापासून एवढी गरम चर्चा पहिल्यांदाच झाली. पाण्याच्या विषयाला वेळ उरला नाही.

१ फेब्रुवारी

टँकर बंद झाला. दोन दिवस नळाचंच पाणी. आईने फडक्यातून गाळलं, फडकं तपकिरी झालं.

गायत्रीला ५ तारखेला सोडणार आहेत. ओट्यावर भाऊंनी जाहीर केलं की मोर्चा "तूर्त स्थगित, रद्द नव्हे". उषाबाईंनी हात वर केला. भाऊंनी दुसरीकडे बघितलं. त्यांनी हात वरच ठेवला, बराच वेळ, शेवटी भाऊ म्हणाले, बोला.

"पोर घर येवाव शे," त्या म्हणाल्या. "तिले काय पाजू? स्थगित?"

कोणी हसलं नाही. भाऊ म्हणाले, गावाहून परत आल्यावर आपण दुप्पट ताकदीने उतरू. उषाबाई म्हणाल्या, "तुम्ही जा मत देवाले. मी जास तठे. मना मत आठेच शे." शेजारच्या तीन बायका, ज्यांना कोणी बसमध्ये बोलावलं नव्हतं, कारण त्या दुसऱ्या गावच्या आहेत, त्या म्हणाल्या, आम्ही येतो.

मी त्यांना विनंती केली की नका जाऊ, परवानगी दोनशे माणसांची आहे, चार बायका गेल्या तर नियमात बसत नाही. उषाबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि फक्त "अरे देवा" म्हणाल्या.

३ फेब्रुवारी

आज खूप लिहायचं आहे.

सकाळी दोन्ही बस मोठ्या रस्त्यावर समोरासमोर उभ्या होत्या. गल्ली रिकामी झाली. आबा मला दंडाला धरून जिलेबीच्या बसकडे घेऊन गेले. भाऊ पुढच्या सीटवर होते. मोर्चाचा बॅनर मी बरोबर घेतला होता, कारण घरी ठेवला असता तर कोणीतरी धान्यावर झाकला असता. खिडकीतून उषाबाई आणि त्या तीन बायका दिसल्या. प्रत्येकीच्या डोक्यावर रिकामा हंडा होता. मला वाटलं, पाण्याला चालल्यात.

बस सुटल्यावर भाऊंनी भाषण केलं. त्यांचे चुलतभाऊ निवडून आले तर गावाला चोवीस तास पाणी मिळणार आहे. घरोघरी नळ. विहिरीचा गाळ काढणार. सगळ्या बसने टाळ्या वाजवल्या. आम्ही त्या गावात वर्षातून लग्नापुरते जातो. तरी मीही वाजवल्या, आणि वाजवताना मांडीवरचा बॅनर खाली पडला. उचलताना त्याच्यावरचं वाचलं, "पाणी आमच्या हक्काचे". नेमकं कुठलं पाणी ते त्यात लिहिलेलं नव्हतं. हे आधीच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

सुरतेबाहेर कडोदऱ्याला बस चहाला थांबली, तेव्हा फोन आला. उषाबाई होत्या. मागे गोंगाट होता.

"गोपाल, आठे पोलीस तुले बलाई राह्यना. कागदवर तुनं नाव शे म्हने. तू नही उना ते आम्हले उभं ऱ्हावू देत नही."

मी आबांना सांगितलं, लघवीला जाऊन येतो. आबा म्हणाले, "लवकर ये. गाडी थांबाव नही." हे मी खोटं बोललो, म्हणून इथे लिहून ठेवतो. मी धाब्याच्या मागून रस्ता ओलांडला आणि परत जाणारी रिक्षा पकडली. कोणी पुढे म्हणेल की गोपाल लढायला उतरला, तर ते खरं नाही. सही माझी होती.

फोनवर आबांचे कॉल येत राहिले. शेवटी उचलला. ते म्हणाले, "एक मत वाया घालं तू." मी म्हणालो, हो.

झोन ऑफिसच्या दारात एक हवालदार होता. मी त्याला परवानगीचा कागद दिला. त्याने विचारलं, दोनशे माणसं कुठे आहेत. मी म्हणालो, बसमध्ये. त्याने विचारलं, नेता कोण. मी सांगणार होतो की नेते अमळनेरच्या वाटेवर आहेत, पण उषाबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "यो," त्या म्हणाल्या. हवालदाराने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि त्याला हसू आवरेना. तो म्हणाला, जाओ.

आत पाण्याचा मोठा कूलर आहे, कर्मचाऱ्यांसाठी. उषाबाई सरळ तिथे गेल्या आणि हंडा लावला. नळ बारीक होता, हंडा भरायला वेळ लागत होता. बाकीच्या मागे उभ्या राहिल्या. शिपाई आला, म्हणाला, "मौसी, यह स्टाफ का है." उषाबाई म्हणाल्या, "हमारे यहाँ का भी तुम्हारे ही स्टाफ का है."

मी त्यांना म्हणालो, मावशी, परवानगी मोर्चाची आहे, पाणी भरायची नाही. तेवढ्यात मागच्या दोघींचं नंबरवरून भांडण लागलं. एक म्हणे मी आधी आले, दुसरी म्हणे तू रस्त्यात चहा पीत बसली होतीस. आमच्या नळावर रोज होतं तसंच. तोच आवाज, त्याच शिव्या, फक्त इथे फरशी होती आणि आवाज घुमत होता. वरच्या मजल्यावरून माणसं डोकावायला लागली. कोणीतरी खिडकी लावली. मग उषाबाईही त्या भांडणात पडल्या, कारण त्यांना गप्प बसवत नाही. एकीने हंडा पायाने सरकवला, तो पडला आणि सगळ्या व्हरांड्यात गडगडत गेला.

मला गोंधळ सहन होत नाही. खिशात पार्सलांचा मार्कर होता. मी चारी हंडे घेतले, त्यांच्यावर एक, दोन, तीन, चार लिहिलं, नावं लिहिली, खाली गल्लीचं नाव लिहिलं आणि ओळीत लावले. कर्मचारी त्यांच्या बाटल्या घेऊन आले, त्यांना मी म्हणालो, कृपया तुमचा नंबर पाचवा. मी खरंच असं म्हणालो. बाटलीवाले गृहस्थ रांगेत उभे राहिले.

साहेब खाली आले. तेच, चहावाले. त्यांनी हंडे बघितले आणि विचारलं, हे काय चाललंय. मी घाबरून निवेदन पुढे केलं. त्यांनी दोन्ही पानं उलटून बघितली आणि म्हणाले, "आमां मांगणी क्यां छे?" यात मागणी कुठे आहे?

मी निवेदन घेतलं आणि वाचलं. मी ते किती वेळा तपासलं असेल. त्यात अन्याय होता, अस्मिता होती, उकाई धरण होतं, आमची गल्ली कुठेच नव्हती.

"गल्ली खोदा," उषाबाई म्हणाल्या. "बस."

साहेब म्हणाले, बघू. उषाबाई म्हणाल्या, "बघा. घाई नही. आम्ही रोज येसूत. आठलं पानी गोड शे." आणि मला म्हणाल्या, "गोपाल, उद्याना नंबर लिखी ठेव." मी लिहायला लागलो. मला वाटलं खरंच रोज यायचं आहे. उद्याचे नंबर हंड्याच्या दुसऱ्या बाजूला लिहीत होतो, तेव्हा साहेबांनी माझ्या हातातला मार्कर बघितला, मग रांगेतल्या त्यांच्याच माणसांना बघितलं, आणि फोन काढला.

४ फेब्रुवारी

सकाळी खोदायची गाडी आली. गल्लीत कोणीच नव्हतं, त्यामुळे गाडीला वळायला अडचण झाली नाही. अभिनंदनाचा बॅनर मात्र आडवा येत होता, तो त्यांनी काढून बाजूला टाकला.

गल्लीच्या तोंडाशी, भाऊंच्या भाड्याच्या खोल्यांसमोर खोदलं. तिथे मोठ्या पाइपला भोक पाडून खासगी माणसाकडून एक नळ जोडला होता, अगदी गटाराला लागून. सांधा सुटला होता आणि गटाराचं पाणी आत जात होतं. मजुराने विचारलं, हा नळ कोणाचा. मी म्हणालो, दिवाळीतला. भाऊंना हे माहीत नसणार. परत आल्यावर त्यांना सांगायला हवं, त्यांना वाईट वाटेल.

तो नळ काढून भोक बुजवल्यावर दुपारी आमच्या नळाला स्वच्छ पाणी आलं. उषाबाईंनी पेल्यात घेऊन उन्हात धरलं, वास घेतला, मग प्यायल्या. मला म्हणाल्या, "दखस काय, बादली आन."

६ फेब्रुवारी

बस परत आल्या. भाऊंचे चुलतभाऊ पडले. किसनकाका म्हणतात एका मताने पडले, पण ते एसीवाले आहेत. आबा माझ्याशी बोलत नाहीत.

भाऊंना मी नळाचं हळूच सांगितलं. ते म्हणाले, "म्हणूनच मी म्हणत होतो, मुळाशी जायला पाहिजे." नंतर त्यांनी नवीन बॅनरचा मजकूर दिला: संघर्षाला यश, लढवय्ये नेतृत्व. माझ्याकडे तपासायला आहे. जुना बॅनर उषाबाईंनी मोरीला आडोसा म्हणून बांधलाय. भाऊंचा चेहरा आतल्या बाजूला आहे.

८ फेब्रुवारी

ओट्यावर बैठक. गायत्री आजीच्या मांडीवर होती, अजून डोळे थोडे पिवळे, हातात पाण्याची बाटली. तिला सारखी तहान लागते आणि ती बाटली कोणाला देत नाही.

आता विषय गटाराचा होता. किसनकाका म्हणाले, "यासाठी आपल्याला लढणारा नेता पाहिजे." सगळ्यांनी माना डोलावल्या, मग एकमेकांकडे बघितलं. भाऊ शर्ट सारखा करून उठायला लागले.

तेवढ्यात उषाबाईंनी हात वर केला. त्या म्हणाल्या, चंचलबेनला भेटून आले. ज्याला नाव इकडे आणायचं असेल त्याने हात वर करा, ती सांगेल कसं करायचं.

कोणी हललं नाही. आबा जमिनीकडे बघत म्हणाले, "गावले काय सांगसूत?" भाऊ म्हणाले, हा विषय आजच्या विषयपत्रिकेवर नाही.

मी हात वर केला. का केला ते मला नीट सांगता येत नाही. बहुधा पत्रिका मीच लिहिली होती आणि विषय त्यावर घ्यायला हवा होता, हे सांगायचं होतं. पण हात वर गेल्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले. खाली घ्यावा तर कसा घ्यावा ते कळेना. आबांनीही बघितलं.

उषाबाई म्हणाल्या, "ऱ्हावू दे तसाच."

मग गायत्रीनेही हात वर केला, बाटलीसकट. ती सात वर्षांची आहे, तिचं मत धरता येत नाही. तशी नोंद मी अहवालात केली आहे.